क्लेमेंट गिटेन्सच्या नावाला ओ

मिस ड्रुसिला गिटेन्स आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज थांबला, की मला खाली स्वयंपाकघरात कळतं, बाई जेवायला बसल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या कोलोन शहरात, आठव्या गल्लीत त्यांना सगळे मिस ड्रू म्हणतात. त्यांच्याकडे काम घेऊन आलेला माणूस जिन्यातच ओळखू येतो, कारण तो रडून आलेला असतो. मिस ड्रू मयताचे कपडे शिवतात. पुढून कडक इस्त्री, ताठ कॉलर आणि पाठीला नुसते बंद. "तो काय आता पाठ वळवून जाणार आहे?" म्हणतात, आणि वाचलेल्या कापडाची उशीची खोळ शिवून घरच्यांच्या हातात ठेवतात.

दुसरं काम मंडळाचं. आमच्या आज्या-पणज्या बार्बाडोस-जमैकाहून इथे आल्या तेव्हा त्यांनी हे मंडळ काढलं, कारण परमुलखात मेलं तर खांदा द्यायला कुणी तरी हवं. पांढरे झगे, खांद्यावरून तिरका जांभळा पट्टा. मिस ड्रू तीस वर्षं त्याच्या चिटणीस आहेत, म्हणजे हाक त्यांनी मारायची. पेटी खड्ड्यात सोडण्याआधी चिटणीस मेलेल्याचं पूर्ण नाव तीनदा घेते. तिन्ही वेळा ओ आली नाही, की सगळ्या बायका एका आवाजात म्हणतात, "नाही. निजला." मगच दोर सैल करायचे. हाक न मारता पुरलेला माणूस झोपत नाही, असं आमच्यात मानतात. आणि त्या हाकेला चुकूनही ओ द्यायची नसते. ऑल्स्टन बोव्हेलच्या मयताला न्यूयॉर्कहून त्याच्याच नावाचा पुतण्या आला होता, सकाळपासून प्यायलेला. दुसऱ्या हाकेला तो म्हणाला, "काय गं?" तीन बायका जागच्या जागी बसल्या. मंडळातल्या सिस्टर युलालीची कवळी खड्ड्यात गेली. ती काढायला कुणी उतरेना, ती ऑल्स्टनबरोबरच गेली.

मिस ड्रूंचं तिसरं काम वर्षातून एकदाच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, शाळांच्या बँडपथकांचे ढोल गल्लीत घुमायला लागले, की त्या चुन्याची बादली आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन मोन्ते एस्पेरांसाच्या स्मशानात जातात. बादली मी उचलते. आधी त्यांच्या आजोबांच्या संगमरवराला पाणी. मग तिथून चाळीस पावलांवर अंकल लेमचा खुंट. थडगं कसलं, गुडघ्याएवढा सिमेंटचा खुंट आणि त्यावर आकडा. कालवा खणणाऱ्या माणसांना कंपनीने पितळी बिल्ले दिले होते. बिल्ला दाखवला की काम, बिल्ला दाखवला की जेवण. माणूस मेला की तोच नंबर थडग्यावर. मिस ड्रू खुंटाला सफेदी करतात, ती वाळेपर्यंत आम्ही नारळातला भात आणि तळलेली केळी खातो, मग त्या बारीक कुंचल्याने आकडा काढतात. ४८३१७. सातच्या मधोमध आडवी रेघ, कारण आजोबा तशी काढायचे.

अंकल लेम म्हणजे लेम्युएल यिअरवुड. आजोबांच्या गावचा, शेजारच्या घरातला, एकाच बोटीने आलेला. सुरुंग वेळेआधी उडाला, त्यात गेला. आजोबांनी, म्हणजे क्लेमेंट गिटेन्सनी, त्यानंतर कंपनी सोडली, कोलोनला पावाची भट्टी टाकली, आणि मरेपर्यंत दर वर्षी त्या खुंटाला सफेदी केली. मिस ड्रू त्यांच्याच घरात वाढल्या. बोट धरून जायच्या, मग बादली धरून जायला लागल्या. त्यांना एवढंच माहीत होतं, आणि आणखी काही माहीत असण्यासारखं आहे असं कधी वाटलंही नाही.

कालवा उघडल्याला शंभर वर्षं झाली त्या वर्षी यादिरा ब्रॅथवेट ब्रुकलिनहून आली. तिची आजी आमच्याच गल्लीतून तिकडे गेलेली. यादिरा चित्रकार, पण रंग कुठे दिसेनात. तिने जुन्या रेल्वे स्टेशनच्या शेडमध्ये कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या आणि त्यांवर पलंगपोस टाकले. दफ्तरखान्यात कंपनीची जुनी रजिस्टरं आहेत, त्यांची पानं तिने पलंगपोसावर मोठी करून छापली होती. नंबर, नाव, गाव, वय, शेरा. दफ्तरखान्याची अट होती की पाहायचं फक्त, लिहायचं नाही. यादिराने आमच्या मंडळाला सगळ्यांच्या आधी बोलावलं. मिस ड्रूंनी केळ्याच्या गोड करंज्या नेल्या.

आत शिरल्याबरोबर त्यांनी पहिला पलंगपोस चिमटीत धरला. "काठ कुणी दुमडलाय हा?"

"मीच, आंटी," यादिरा म्हणाली.

"दिसतंय. तुझ्या आजीने बघितला असता तर उसवायला लावला असता."

आम्ही दोऱ्यांमधून वाकून फिरत होतो. कुणाला आजोबा सापडले, कुणाला नवऱ्याचे मामा. बायका ओरडत होत्या, एकमेकींना ओढून दाखवत होत्या, लग्नघरात असावा तसा गोंगाट. नवव्या पलंगपोसापाशी मिस ड्रू थांबल्या.

"कोरिना! लेम सापडला बघ! हा काय, अठ्ठेचाळीस तीनशे सतरा!"

मी जाईपर्यंत त्यांचं हसू गेलं होतं. त्यांनी चष्मा काढला, झग्याला पुसला, परत घातला. गळ्यात कायम लटकणारी मापाची टेप काढली आणि ओळीखाली सरळ ताणून धरली.

"वाच," म्हणाल्या. "मला नको. तू वाच."

मी वाचलं. ४८३१७. गिटेन्स, क्लेमेंट. बार्बाडोस. वय चोवीस. शेवटच्या रकान्यात सुबक अक्षरात होतं, मयत, स्फोट.

"ओळ चुकली तुझी."

"नाही चुकली, मिस ड्रू."

त्यांनी टेप एक ओळ खाली सरकवली. ४८३१८. यिअरवुड, लेम्युएल. बार्बाडोस. वय तेवीस. शेरा, पळून गेला.

मिस ड्रूंनी टेप सोडली आणि पलंगपोस दोन्ही मुठींत धरला. "पळून गेला?" त्या म्हणाल्या. "कुठे पळून गेला? मी दर वर्षी त्याला सफेदी करते!"

करंज्यांचा डबा तिथेच राहिला. जिना चढताना त्या दोनदा थांबल्या. दुसऱ्यांदा मला म्हणाल्या, "एकसष्ट साली आजोबांचा सदरा मी शिवला. पहिला मयताचा सदरा. बाह्या लांब झाल्या होत्या, आजी ओरडली. मग तो कोण होता?"

तिसऱ्या दिवशी दफ्तरखान्याचे सेन्योर ग्रिमाल्दो स्वतः घरी आले. भला माणूस, ताठ इस्त्रीचा, हातात फाइल. मिस ड्रूंच्या मापाच्या स्टुलावर अंग चोरून बसले. पंधरा ऑगस्टला कालव्यात मेलेल्यांच्या नावांची शिळा बसणार होती, त्याच शेडमध्ये. नावं कोरून तयार होती. वारसांना पहिल्या रांगेत बसवायचं होतं.

"हुतात्म्याची नात म्हणून आम्ही तुमचा सन्मान करणार आहोत," ते म्हणाले.

"माझे आजोबा त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं जगले हो," मिस ड्रू म्हणाल्या. "तुम्ही बसलात ना, तिथेच बसून दाढी करायचे."

ग्रिमाल्दोंनी फाइलीत पाहिलं. मग मिस ड्रूंकडे पाहिलं, दुखण्याईताकडे बघतात तसं. "ते दुसरे कुणी असतील, सेन्योरा. तेव्हा पुष्कळ लोक दुसऱ्यांची नावं लावायचे. आमच्याकडचा क्लेमेंट गिटेन्स तर मेलेला आहे."

"मग मी कुणाची नात?"

त्यावर त्यांनी आमंत्रणपत्रिका मशीनवर ठेवली आणि निघाले. मशीनमध्ये कुणाची तरी बाही अर्धी शिवलेली होती. मी सूप आणलं, ते मिस ड्रूंसमोर निवलं. मी विचारलं, मेल्विना आत्याला माहीत असेल का? म्हणाल्या, "तिला काय माहीत असणार? आजोबांची सगळ्यात धाकटी लेक ती."

मेल्विना आत्या त्र्याण्णव वर्षांच्या, चर्चच्या वृद्धाश्रमात. पाय गेलेत, जीभ शाबूत. आम्ही गेलो तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसून सोबतिणीच्या पत्त्यांत डोकावत होत्या. मिस ड्रूंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग? तुला माहीत नव्हतं?"

"काय माहीत नव्हतं?"

"अगं, मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे. तू तर मंडळाची चिटणीस!"

मिस ड्रू खाटेच्या काठावर बसल्या. बसल्या म्हणजे टेकल्याच. आत्यांनी जे सांगितलं ते त्या बटाटे सोलताना सांगावं तशा सांगत होत्या, अधूनमधून सोबतिणीला "हुकूम टाक, मूर्खे" म्हणत.

लेम मुकादमाला उलटून बोलला होता. मुकादमाने त्याचा बिल्ला काढून घेतला आणि सोमवारी ये म्हणाला. त्याच आठवड्यात क्लेमेंटला ताप भरला. दोन दिवस खाडा झाला की बराकीतली खाट जायची. मग लेम म्हणाला, आण तुझा बिल्ला, तुझ्या जागी मी जातो, नाही तरी मी रिकामाच आहे. असं सगळेच करायचे. मुकादम नंबर बघायचा, तोंड कोण बघतंय? दुपारी सुरुंग उडाला. संध्याकाळी कंपनीचा माणूस बराकीच्या दारात उभा राहून मेलेल्यांची नावं वाचायला लागला, आणि क्लेमेंट गिटेन्सने खाटेवर पडल्या पडल्या स्वतःचं नाव ऐकलं.

"आणि ओ दिली नाही?" मिस ड्रूंनी विचारलं.

"ओ देतोय! बिल्ला उसना दिला तर तुरुंग, मग बोटीत घालून परत. बराकीत अठरा जण होते आपल्या गावाकडचे. अठराही गप्प. सोमवारी लेमचा नंबर पुकारला, लेम आला नाही. झालं, पळून गेला."

"आजोबांनी होऊ दिलं हे?"

"घाबरट होता माझा बाप," आत्या म्हणाल्या. "पाव चांगला भाजायचा, पण घाबरट. जा, त्या कपाटातलं माझं भजनाचं पुस्तक आण. मागच्या पुठ्ठ्यात बघ."

पुठ्ठ्याच्या आत पत्र होतं, घड्यांवर विरलेलं. पाकिटावर नाव होतं लेम्युएल यिअरवुड, पत्ता आजोबांच्या भट्टीचा. तारीख १९१९ ची, म्हणजे लेमला मरून सहा वर्षं झाल्यावरची. मिस ड्रूंनी पाकीट उलटंपालटं केलं आणि आत्यांकडे पाहिलं.

"तो लेमच्या आईला पत्र लिहायचा," आत्या म्हणाल्या. "लेम बनून. मी बरा आहे, पावाच्या भट्टीत आहे, काळजी करू नको. म्हातारी मरेपर्यंत लिहीत होता."

"आणि त्याची स्वतःची आई?"

"तिला कंपनीने कळवलं होतं ना, तुमचा क्लेमेंट गेला म्हणून. शेजारी-शेजारी घरं. एकीकडे मेल्याची बातमी, एकीकडे जिवंतपणाची पत्रं. लेमच्या आईला अक्षर येत नव्हतं. तिला वाचून कोण दाखवायचं? आणि उत्तर कोण लिहायचं? बघ की खाली सही."

सही होती सुझन गिटेन्स, क्लेमेंटची आई.

मिस ड्रूंना वाचवेना, म्हणून मीच मोठ्याने वाचलं. लेमच्या आईचा निरोप, डुकराला पिल्लं झाली, पाऊस नाही, तू लग्न कधी करणार. आणि मग खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, पत्र लिहून देणारीचं स्वतःचं:

"लेम बाळा, माझ्या क्लेमेंटच्या थडग्याला तू दर वर्षी सफेदी करत जा, तो पांढऱ्या कपड्यांचा हौशी होता. थडग्याचा आकडा तू लिहून पाठवलास तो मी जपून ठेवला आहे. सातच्या पोटात आडवी रेघ आपल्या गावात फक्त माझा मुलगा काढायचा, मास्तर त्यासाठी छडी मारायचे. तू तशीच काढतोस हे पाहून बरं वाटलं. काढत राहा. जास्त काही लिहू नकोस. सांभाळून असावे."

सोबतीण पत्ते टाकून ऐकत होती. मिस ड्रूंनी तोंडावर हात ठेवला होता, आणि बोटांमधून आवाज आला, "तिला कळलं होतं."

"कळणारच," आत्या म्हणाल्या. "आई होती."

येताना बसमध्ये मी म्हटलं, आजोबांचं काय ते आता संपलं, त्यांना झोप लागली, संगमरवराखाली आहेत. मिस ड्रू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आजोबांना मंडळाने हाक मारली. लेमला कुणी मारली? त्याला दुसऱ्याच्या नावाने पुरलं. शंभर वर्षं तो पोरगा जागा आहे, कोरिना. आणि वर लिहून ठेवलंय, पळून गेला."

"मग मारा की हाक. खुंटापाशी जाऊन आपण दोघी..."

"तिथे कोण आहे ऐकायला? जिथे पळून गेला म्हणून लिहिलंय तिथे मारायला हवी."

दुसऱ्या दिवशी मिस ड्रू पत्र घेऊन दफ्तरखान्यात गेल्या. माझ्या आठवणीत त्या पहिल्यांदाच हॅट घालून रविवारशिवाय बाहेर पडल्या. मागणं एकच होतं. शिळेवर लेम्युएल यिअरवुडचं नाव घाला, आणि क्लेमेंट गिटेन्सचं काढा. ग्रिमाल्दोंनी पत्र हातमोजे घालून हाताळलं, दोनदा वाचलं, सातच्या रेघेशी थांबलेही. मला वाटलं, झालं.

"अतिशय मोलाचं पत्र आहे," ते म्हणाले. "पण सेन्योरा, हे तर आमच्या रजिस्टरला दुजोरा देतं."

"कसला दुजोरा?"

"१९१९ साली लेम्युएल यिअरवुडला कोलोनच्या पत्त्यावर पत्र आलं. म्हणजे तो जिवंत होता. पळून आला आणि पावाच्या भट्टीत कामाला लागला. आणि क्लेमेंटची आईच लिहिते, माझ्या क्लेमेंटचं थडगं. आणखी काय पुरावा हवा?"

आजोबांनी एका म्हातारीला बरं वाटावं म्हणून जे खोटं लिहिलं, तेच आता साहेबांच्या हातात सरकारी सत्य होऊन बसलं होतं, आणि ते साहेबांना आम्हीच नेऊन दिलं होतं.

"मी जिवंत पुरावा बसलेय ना समोर!" मिस ड्रू म्हणाल्या. "मला त्यांनी वाढवलं!"

"तुम्हाला ज्यांनी वाढवलं ते कदाचित यिअरवुडच असतील," ग्रिमाल्दो फार हळुवारपणे म्हणाले. "असं होतं पुष्कळ घरांत. मनाला लावून घेऊ नका."

मिस ड्रूंनी पत्र मागून घेतलं. जिन्यात मला म्हणाल्या, "ह्या माणसाने आत्ता माझा आजोबा माझ्यासमोर मारला आणि लेमला जिवंत केलं, आणि आवाजही चढवला नाही."

आम्ही तशाच शेडमध्ये गेलो. यादिराने सगळं ऐकलं. तिचे डोळे भरले, मिस ड्रूंना तिचा रागच आला. "रडू नको. लिहायला पेन दे."

"लिहायचं नाही अशी सही केलीय मी, आंटी," यादिरा म्हणाली. मग नाक पुसलं. "शिवायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही."

त्या दुपारी मिस ड्रूंनी नवव्या पलंगपोसासमोर खुर्ची घेतली आणि लाल दोऱ्याने "पळून गेला" वर टाका घातला. बारीक, सरळ, मयताच्या कॉलरला घालतात तसा. बाजूला शिवलं, मयत. वरच्या ओळीतलं "मयत" उसवता येत नव्हतं, छापलेलं होतं, म्हणून त्यावरही लाल दोरा फिरवला आणि शेजारी शिवलं, पावाची भट्टी, आठवी गल्ली, १९६१. मग जाता जाता यादिराचा काठ उसवून नीट दुमडून दिला. आठवडाभरात मंडळाच्या बायका सुया घेऊन यायला लागल्या. प्रत्येकीच्या घरात काही ना काही निघालं. कुणाचं गाव चुकलेलं, कुणाच्या आजीला "अविवाहित" लिहिलेलं आणि तिला अकरा मुलं. सिस्टर युलाली म्हणाली, "अकरा लेकरांची अविवाहित! बरी फुरसत मिळाली!" आणि ते वाक्यच तिने शिवलं.

पंधरा ऑगस्टच्या दोन दिवस आधी दफ्तरखान्याची माणसं आली. प्रतींची नासधूस झाली आहे, असं पत्र होतं. पलंगपोस दोऱ्यांवरून काढून, घड्या घालून, खोक्यांत भरून नेले. यादिरा टेम्पोच्या मागे धावली. परत आली ती नुसत्या चिमट्यांची पिशवी घेऊन. मिस ड्रू मोकळ्या दोऱ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. कोणी धुतलेले कपडे चोरून न्यावेत तसं ते दिसत होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता जायचं. आमंत्रण आहे ना."

त्या सकाळी शेडमध्ये खुर्च्यांच्या रांगा होत्या, फुलं होती, बँड होता, दूतावासाची माणसं होती. शिळा काळी, चकचकीत. पहिल्या रांगेत मिस ड्रू पांढरा झगा आणि जांभळा पट्टा घालून. त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत मेल्विना आत्या, त्यांना आणायचा हट्ट मिस ड्रूंचा. मागच्या दोन रांगा मंडळाच्या बायकांनी धरलेल्या, त्याही पांढऱ्यात. घंटेपाशी उभा होता आमच्या चर्चचा म्हातारा घंटावाला मिस्टर होल्डर, त्याला त्या दिवसापुरतं बोलावलेलं. ग्रिमाल्दो एकेक नाव वाचणार, नावागणिक घंटेचा एक ठोका, आणि सगळ्यांनी शांत राहायचं.

नावं चालू झाली. अॅलेन. बोव्हेल. ब्रॅथवेट. प्रत्येक नावाबरोबर बायका आपसूक ओठ हलवत होत्या, सवयच ती. मला वाटत होतं, मिस ड्रू उठतील आणि भांडतील. मी त्यांचा हात धरून ठेवला होता.

"गिटेन्स, क्लेमेंट."

मिस ड्रूंनी हात सोडवून घेतला आणि उभ्या राहिल्या.

"ओ," त्या म्हणाल्या.

मागून किंचाळी आली. आमच्या बायकांना शिळा, साहेब, बँड, कशाचंच काही वाटलं नसतं. पण मेलेल्याच्या नावाला ओ, आणि तीही चिटणिसाने! सिस्टर युलालीने दोन्ही हातांनी तोंड धरलं. मिस्टर होल्डरचा हात दोरीवर तसाच राहिला, ठोका पडलाच नाही. माझ्या अंगावर असा काटा आला, की आत्ताही लिहिताना येतो.

"सेन्योरा," ग्रिमाल्दो माइकमध्ये म्हणाले, "आपण बसावं."

"ह्या नावाचा माणूस त्या दिवशी मेला नाही," मिस ड्रू म्हणाल्या. माइकची त्यांना गरज नाही, स्मशानात वाऱ्यावर हाक मारणारी बाई ती. "तो बराकीत खाटेवर होता. त्याला हाक मारली तेव्हा त्याने ओ दिली नाही. म्हणून मी देते. शंभर वर्षं उशीर झाला. त्याबद्दल मी त्याच्या वतीने माफी मागते."

मग त्या शिळेकडे पाठ करून आमच्याकडे वळल्या आणि पट्टा सारखा केला. तेव्हा मला कळलं, त्या काय करणार आहेत.

"लेम्युएल यिअरवुड."

शेडमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. दूतावासाचा एक माणूस शेजाऱ्याला काही तरी विचारत होता, तो थांबला.

"लेम्युएल यिअरवुड."

ग्रिमाल्दोंनी एक पाऊल पुढे टाकलं. मेल्विना आत्यांनी खुर्चीचं चाक वळवून ती त्यांच्या पायात घातली. "दिसत नाही का?" त्या म्हणाल्या. "हाक चाललीय."

"लेम्युएल यिअरवुड."

मिस ड्रू थांबल्या. जितकं थांबायचं असतं तितकं, ओ यायला वेळ द्यायचा असतो तितकं. मी आयुष्यात शेकड्यांनी मयतं पाहिली, पण ओ येईल की काय अशी भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

ओ आली नाही.

"नाही," मागच्या दोन रांगांनी एका आवाजात म्हटलं. "निजला."

आणि मिस्टर होल्डरने दोरी ओढली. कुणी सांगितलं नव्हतं. तो ठोका मात्र पडला.

कार्यक्रम नंतर पुढे चालू झाला, हॅरिस, होल्डर, जोसेफ. शिळेवर अजूनही क्लेमेंट गिटेन्सच आहे. पलंगपोस कुठल्या खोक्यात आहेत ते कळावं म्हणून यादिरा अजून अर्ज करते आहे. मिस ड्रू खाली बसल्या तेव्हा घामाने पट्टा भिजला होता. मेल्विना आत्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि शिळेकडे बघत, चांगल्या मोठ्याने विचारलं, "काय गं ड्रू, जेवायला आहे का इथे काही?"